गाठोडे, नोंद ७: दर्या, दऱ्या आणि ६९ बाइट

गाठोडे म्हणजे फाइली पासफ्रेजने, म्हणजे वाक्याएवढ्या पासवर्डने, कुलूपबंद करून 'बांधणारा' माझा प्रोग्राम. मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की फोनवरचं गाठोडं तयार झाल्यात जमा आहे, आता फक्त आईकडे उघडून बघायचं. त्यातला 'तोऱ्यात' हा शब्द लक्षात ठेवा. त्यातल्या अर्ध्या र ने माझे नऊ दिवस खाल्ले.

झालं असं. आजोबांच्या कागदांचे स्कॅन (सातबारे, दोन मोडी खरेदीखतं, पत्रांचा गठ्ठा) लॅपटॉपवर बांधले आणि फाइल चिपळूणला आईच्या फोनवर पोचवली. पासफ्रेज तिला तोंडपाठ, कारण तिनेच ठरवलेली: 'कोऱ्या पाटीवर बारा पुऱ्या'. हात शिवशिवत असतील तर आवरा, ती आता बाद केली आहे. रात्री फोन आला. "अरे, चुकीचा पासवर्ड म्हणतंय." नीट टाइप कर, म्हटलं. "तीनदा केला. पुऱ्या काय पहिल्यांदा लिहितेय मी?"

गाठोड्याच्या पोटात कुलपाचं काम करते ती लिबसोडियम ही लायब्ररी. तिची एक सवय तुम्हाला माहीत आहेच. उलगडलं तर शून्य, नाही उलगडलं तर उणे एक, आणि त्यापुढे चकार शब्द नाही. फाइल खराब झाली, किल्ली चुकली, कुणी मधे छेडछाड केली, सगळ्याला तेच उत्तर. हे मुद्दाम तसं ठेवलंय आणि योग्यच आहे, पण चूक शोधणाऱ्याला ते बंद दारासमोर उभं राहण्यासारखं असतं. पासफ्रेजमधून किल्ली काढणाऱ्या आर्गॉन२च्या बाबतीत तर 'जवळपास बरोबर' असं काही नसतंच. एका बिटाचा फरक पडला की बाहेर येणारे ३२ बाइट पार वेगळे.

आधी फाइलवर संशय घेतला. आईने ती मेसेजमधून स्वतःलाच पाठवून मग डाउनलोड केली होती, म्हटलं वाटेत कापली गेली असेल. दोन्हीकडे ब्लेक२बी हॅश, म्हणजे फाइलचा ठसा काढला, एकच. मग फोनच्या मेमरीवर. मी आर्गॉन२ची मॉडरेट पातळी वापरतो, म्हणजे २५६ एमबी आणि तीन फेऱ्या, आणि आईचा फोन तसा गरीब आहे. पण मेमरी कमी पडली तर आर्गॉन२ चालवणारं फंक्शन, क्रिप्टो_पीडब्ल्यूहॅश, तिथेच उणे एक देऊन थांबतं, आणि ते मी तपासतो (नोंद ३ मधली फजिती विसरलो नाही). तिथे सगळं ठीक. शेवटी एक चाचणी फाइल केली, तिला पासफ्रेज दिली रोमन लिपीत 'कांदापोहे'. लॅपटॉपवर बांधली, फोनवर पहिल्या फटक्यात उघडली.

म्हणजे कूटशास्त्र निर्दोष. घोळ देवनागरीत.

इथे मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. ऱ दोन प्रकारे लिहिता येतो हे मला ठाऊक होतं: एक तर त्याचा स्वतःचा संकेतांक (युनिकोड या मानकाने प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) ०९३१, नाहीतर साधा र ०९३० आणि त्याखाली नुक्ता ०९३सी. युनिकोडच्या लेखी दोन्ही एकच, आणि एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एका रूपात आणायची युनिकोडची रीत) केलं की दुसरा प्रकार पहिल्यात मिसळतो. (हिंदीवाल्यांच्या क़, ख़ चं नेमकं उलटं होतं, तिथे एनएफसी जोडलेलं अक्षर फोडतं. कारण विचारू नका, इतिहास आहे.) लॅपटॉपवरच्या पायथनमध्ये एक ओळ, फोनवरच्या कॉटलिनमध्ये एक ओळ. नवी फाइल बांधली, पाठवली. उघडली नाही.

दोन संध्याकाळी मी नॉर्मलायझरच नीट चालत नाही असं गृहीत धरून घालवल्या. तो नीट चालत होता. त्याच्यासमोर आलेला मजकूर दोन्हीकडे आधीपासूनच एनएफसी होता, त्याने करायचं तरी काय?

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: पासफ्रेजची बाइटमधली लांबी छापली. लॅपटॉपवर ६९. फोनवर ७५.

६९ चा हिशेब सोपा आहे. देवनागरीची २२ चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, आणि तीन स्पेस. फोनवर सहा बाइट जास्त, म्हणजे दोन चिन्हं जास्त, आणि वाक्यात 'ऱ्या' बरोबर दोनदा येतो. फोनचा कीबोर्ड ऱ वापरतच नव्हता. तो लिहित होता र, हलन्त आणि मग २००डी, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना न दिसणारं, शून्य रुंदीचं, तीन बाइटांचं चिन्ह. मी लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट कीबोर्डवाला. शिफ्ट धरून जे दाबला की ऱ येतो, त्यामुळे जॉइनरची गरज मला कधी पडलीच नव्हती.

आणि गंमत म्हणजे कीबोर्डला दोषही देता येत नाही. युनिकोडच्या देवनागरी नियमांत ऱ-हलन्त हा पापणीसारख्या र चा ('ऱ्या' मधल्या अर्ध्या र चा) मुख्य मार्ग आहे, पण आवृत्ती २.० शी सुसंगती राहावी म्हणून र-हलन्त-जॉइनर हाही तितकाच वैध ठेवला आहे. दोन्ही बरोबर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. आणि दोन्हींना एकमेकांशी समान मानणारं कुठलंही नॉर्मलायझेशन नाही, एनएफसी नाही की त्याचं जास्त सैल भावंड एनएफकेसी नाही. पासवर्डसाठी मुद्दाम लिहिलेलं इंटरनेटचं मानक, आरएफसी ८२६५, सुद्धा एनएफसीवर थांबतं, आणि हलन्तानंतरच्या जॉइनरला तर तिथे अधिकृत परवानगी आहे. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्यासमोर मराठी पुऱ्या नव्हत्या, एवढंच म्हणतो.

आता पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण प्रगतीच्या नोंदीत अधोगतीही यायला हवी. अदृश्य चिन्हाचा त्रास आहे ना, मग काढून टाकू. फोनच्या कोडमध्ये जॉइनर गाळणारी ओळ घातली, लांबी छापली: ६९! दोन्हीकडे ६९! रात्री साडेअकराला आईला उठवून सांगितलं, आता उघड.

नाही उघडली.

तुमच्यातल्या काहींनी कपाळावर हात मारलाच असेल. जॉइनर काढला की उरतं र-हलन्त-या, म्हणजे रफार. 'कोर्या पाटीवर बारा पुर्या'. लांबी तीच, ६९ बाइट, पण दोन ठिकाणी शेवटचा बाइट बी१ ऐवजी बी०. दर्या आणि दऱ्या यांत जो फरक, आचार्याला आणि आचाऱ्याला दक्षिणा देण्यात जो फरक, तोच. शाळेत बाईंनी फळ्यावर दोन्ही लिहून समजावलेलं, आणि मी चाळिशीत कोड लिहिताना विसरलो. पासफ्रेज सुरक्षेसाठी पडद्यावर ठिपक्यांत दाखवतो, त्यामुळे डोळ्यांनीही पकडता आलं नाही.

सध्याचा उपाय, क्रमाने: आधी एनएफसी. मग र-हलन्त-जॉइनर दिसलं की ऱ-हलन्त करायचं. त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर गाळायचे. क्रम उलटा केलात की पुन्हा रफार. शेवटी कडेच्या स्पेस छाटायच्या आणि मधल्या जास्तीच्या एकावर आणायच्या, कारण फोनवर सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की कीबोर्ड मागे आपणहून स्पेस सोडतो. हे लिहून चाचण्या लावल्या आणि 'ॲल्युमिनियमची कढई' वर आणखी एक भूत निघालं: ॲ चा स्वतःचा संकेतांक आहे ०९७२, पण अ वर ॅ देऊनही तेच चित्र उमटतं, आणि हेही एनएफसी जोडत नाही. आ वर ॅ देऊन केलेल्या ऑ चं तसंच. त्या जोड्याही हाताने घातल्या. अशी 'वापरू नका' म्हणून सांगितलेल्या स्वरांची यादी युनिकोडच्या देवनागरी प्रकरणात दिली आहे, अख्खी उतरवून घेतली.

याने पासफ्रेज कमजोर होते का? माझ्या मते नाही. जॉइनर घालायचा की नाही हे आईने निवडलंच नव्हतं, कीबोर्डने निवडलं होतं. जे माणसाने निवडलं नाही, त्याची सुरक्षा हिशेबात धरायची नसते.

बुधवारी रात्री फाइल उघडली. आईने पहिलं पत्र वाचून दाखवलं, १९६१ चं, त्यात पानशेतच्या पुराची बातमी होती. मग म्हणाली, "बरं, आता झोपू का?"

राहिला जुन्या फाइलींचा प्रश्न. पहिल्या आवृत्तीच्या फाइली कच्च्या बाइटांवर बांधलेल्या, काही लॅपटॉपवर, दोन-तीन आईने फोनवर. त्यांच्यासाठी मी एक बारकी युक्ती केली: फाइलच्या शीर्षकात (सुरुवातीच्या बाइटांत) आवृत्ती १ दिसली की आधी जसं टाइप केलं तसं करून बघायचं, नाही जमलं तर पापणी-र चे उरलेले प्रकार एकेक करून. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर एका प्रयत्नाला सेकंदभर लागतो, तेवढं चालतं. सगळ्या जुन्या फाइली उघडल्या, एकही गमावली नाही. या ओळीवर मी दोन कप चहा प्यायलो आहे.

त्याच झटक्यात आवृत्ती २ ची रचनाही बदलली. आता फाइलची खरी किल्ली यादृच्छिक ३२ बाइट, आणि पासफ्रेजमधून निघालेली किल्ली फक्त तिला सीक्रेटबॉक्समध्ये (लिबसोडियमच्या छोट्या कुलूपबंद पेटीत) गुंडाळते: २४ बाइट नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), ४८ बाइट गुंडाळी. आवृत्ती, आर्गॉनचे दोन आकडे, १६ बाइट सॉल्ट (किल्ली काढताना मिसळायचे यादृच्छिक बाइट) धरून शीर्षक ९७ बाइटचं. पासफ्रेज बदलायची तर एवढेच बदलायचे, ४ जीबी पुन्हा बांधत बसायचं नाही. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी बांधते ती लिबसोडियमची सोय म्हणजे सीक्रेटस्ट्रीम. हे अख्खं शीर्षक तिच्या पहिल्या तुकड्याला जास्तीची माहिती म्हणून जोडून टाकणार होतो, म्हणजे कुणी त्याला हात लावला की लगेच कळेल. आत्ता हे लिहितानाच लक्षात आलं की मग पासफ्रेज बदलली की शीर्षक बदलणार आणि पहिला तुकडाच उलगडणार नाही! तेव्हा फक्त आवृत्तीचा बाइट जोडतो. बाकीच्यात कुणी ढवळाढवळ केली तर तशीही गुंडाळी सुटणार नाही.

जाता जाता: शेवटच्या तुकड्यावरचा फायनल टॅग ('फाइल इथे संपली' ही खूण) तपासायला लागलो (नोंद ५ मध्ये ज्यांनी कान उपटले त्यांचे आभार). फाइलची शेपटी मुद्दाम कापून दिली, गाठोड्याने निमूट नकार दिला. पायनॅकलबद्दल (पायथनमधून लिबसोडियम वापरायच्या वेष्टनाबद्दल) तक्रार मात्र कायम आहे. एवढं सुबक वेष्टन, आणि सीक्रेटस्ट्रीम हवं तर तळघरातल्या बाइंडिंग्जमध्ये उतरून लांबलचक नावांची फंक्शनं स्वतः हाकायची. तरीही ओपनएसएसएल या दुसऱ्या कूटलेखन लायब्ररीकडे परत जाणार नाही. तिथे सगळं मिळतं, आणि चुकीचं निवडायची सोयही भरपूर मिळते. लिबसोडियममध्ये निवडायलाच कमी आहे, तेच मला त्यात सगळ्यात आवडतं.

आणि आता सगळा बेत पुन्हा फिरला आहे. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर टाइप केलेला मजकूर बाइटांत कसा बदलतो यावर आपला ताबा नाही म्हणून. मग मजकूर टाइपच कशाला करायचा? २०४८ सोप्या मराठी शब्दांची यादी, त्यातून यंत्राने सात शब्द निवडायचे. प्रत्येकी ११ बिट, म्हणजे ७७ बिट, माझ्या कामाला पुष्कळ. उघडताना आई दोन अक्षरं टाकेल, खाली शब्द दिसेल, त्यावर बोट ठेवेल. आणि आर्गॉनला द्यायचे ते शब्द नव्हेच, त्यांचे यादीतले क्रमांक! मग कीबोर्डने पापणी कशीही काढो. बिटकॉइनवाल्यांच्या बीआयपी-३९ (किल्ली शब्दांत लिहायच्या पद्धती) च्या इंग्रजी यादीतही २०४८ शब्द आहेत आणि पहिल्या चार अक्षरांत प्रत्येक वेगळा ओळखू येतो. मला मराठीत पहिल्या दोन अक्षरांत ते साधायचंय.

यादी ३४० शब्दांवर आली आहे. नियम: जोडाक्षर नको, ऱ्हस्व-दीर्घाची शंका येईल असा शब्द नको, एकाच शब्दाची दोन रूपं नकोत. बदक, कमळ, फणस, आजी, टोपली असे चालतात. 'पाणी' घेतला तर 'पाणबुडी' बाद करायची गरज नाही, पण 'पाणीपुरी' गेली. आईला यादी वाचून दाखवली तर तिने सव्वीस शब्द खोडले, त्यातले चार ती 'शुभ नाहीत' म्हणून. ते मी गुपचूप परत घालणार होतो, पण सात शब्दांत 'तिरडी' आली तर फोन मलाच येणार. त्या चारांच्या जागी काही सुचत असेल तर कळवा. कोकणातले फळांचे आणि माशांचे शब्द माझ्याकडे भरपूर आहेत. विदर्भ आणि खानदेशातले रोजच्या वापरातले हवे आहेत.