दाराच्या पोटात

आधी एक फोड दिसला. व्हॅनच्या सरकत्या दाराच्या अगदी खालच्या कडेला, हरभऱ्याएवढा. नखाने दाबला तर पांढऱ्या रंगाचा पापुद्रा निघाला आणि बोटाला तपकिरी भुकटी लागली.

कोकणात, गुहागरच्या खालचा पाट या वस्तीत राहणाऱ्या माणसाला या भुकटीचं नवल नसतं. गेटच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, विळीचं पातं, सगळ्यांवर तिचा वहिवाटीचा हक्क. घरामागे वाडी, वाडीमागे सुरूचं बन आणि बनामागे समुद्र. रात्री अंथरुणात पडल्यापडल्या गाज ऐकू येते, असं मुंबईच्या पाहुण्यांना आम्ही कौतुकाने सांगतो. पडवीशेजारी उभी असलेली गाडीही ती गाज ऐकत असते, एवढं मात्र सांगायचं राहून जातं.

गाडी २००७ सालची. पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून आणखी पाच वर्षांची मुदत मिळवलेली. मुंबईचा भाऊ दर गणपतीत म्हणतो, "दादा, वीक ती आता." पण सुपारीची पोती, नारळ, आईचा डॉक्टर आणि चिपळूण स्टेशनवरून आणायचे हेच भाऊसाहेब, हे सगळं त्या व्हॅनमधूनच येतं-जातं. त्यामुळे तो फोड मी लेकीच्या पांढऱ्या नेलपॉलिशने झाकला. तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं.

पावसाळा संपेपर्यंत एका फोडाचे सात झाले. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. वरून झाकलं की आतल्या आत फुगतो, रंग उचलतो आणि त्या फटीतून आणखी पाणी घेतो. शिवाय आपल्याकडे मीठ आहेच. हवेतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून पाझरायला लागतं. म्हणून तर आई मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकते. गाडीच्या पत्र्यावर कोण तांदूळ टाकणार! पाऊस नसला तरी पत्रा ओलाच.

मी गाडी रोज धूत होतो, हे अभिमानाने सांगणार होतो. पण कुठल्या पाण्याने, तर वाडीतल्या विहिरीच्या. मे महिन्यात ते पाणी इतकं मचूळ होतं की त्याचा चहासुद्धा आम्ही करत नाही. खारं वारं उतरवायला खारं पाणी! हे डोक्यात यायला इतकी वर्षं लागली.

दिवाळी झाल्यावर गाडी शृंगारतळीला नेली. तिथला पेंटर पोरसवदा, पण हात जुना. त्याने दारावर डाव्या हाताच्या बोटाने वरून खाली टकटक केलं. वर आवाज खणखणीत, खाली बद्द. मग खिशातलं लोहचुंबक काढून खालच्या कडेला लावलं. ते चिकटलंच नाही, घरंगळून जमिनीवर पडलं.

"काका, हितं आधीच कोणीतरी लांबी भरलीय. पत्रा नाय हितं."

लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. मी ही गाडी जुनीच घेतली होती, तेव्हा ती कोणी भरली, ते विचारण्यात अर्थ नव्हता. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर न लावता, आणि ते आत गेलं.

"सडलाय. हा वरून नाय आला, आतून आलाय."

दाराच्या आतलं पॅनल उघडताना तीन क्लिपा टकटक तुटल्या. आत प्लास्टिकचा कागद, तो सोलला आणि दाराचं पोट पहिल्यांदा पाहिलं. काचेच्या रबरातून पाणी आत शिरतं, ते शिरणारच. म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात, आलेलं पाणी निघून जावं म्हणून. आमच्या दाराची ती भोकं बुजून गेली होती. तळाशी दोन बोटं लाल चिखल, त्यात सुरूच्या काड्या, सुपारीची वाळलेली फुलं, एक हेअरपिन अर्धी खाल्लेली. आणि एक चार आणे. गेंड्याचं चित्र असलेले. २०११ साली जून संपला तसे चार आणे चलनातून गेले, म्हणजे निदान तेव्हापासून तरी हे नाणं त्या चिखलात बसलेलं असणार. शर्टाला पुसलं तर गेंडा लख्ख. स्टेनलेस स्टीलचं ते. त्यातही लोखंडच असतं, पण जोडीला क्रोमियम. ते हवा लागताच अंगावर स्वतःचा एक अदृश्य पापुद्रा चढवून घेतं, आणि तो पापुद्रा लोखंडाच्या गंजासारखा झडत नाही.

पेंटरने विचारलं, "लांबी भरून देऊ का पत्रा मारू?" लांबी स्वस्त, एका दिवसाचं काम. पण सडक्या पत्र्यावरची लांबी ओल पिते आणि कधी ना कधी खापरीसारखी सुटते. पुरावा समोरच होता. पत्रा मार म्हटलं. त्याने सडकी कड कापून काढली, नवा तुकडा वेल्ड केला, ऐंशी नंबरच्या पेपरने घासघासून पत्रा चांदीसारखा केला. रंगकाम सकाळी अकरापासून चारपर्यंतच. आधी दहिवर असतं, नंतर हवेत पुन्हा ओल चढते.

मग त्याने रेड ऑक्साइडचा डबा उघडला. मला हसूच आलं. डब्यात आमच्या घराचा जांभ्या दगडाचा चिरा विरघळवून ठेवल्यासारखा रंग. आणि आहेही तसंच. त्या प्रायमरमधली लाली लोखंडाच्या ऑक्साइडची, आणि जांभ्याची लालीही त्याचीच. युगानुयुगांच्या पावसाने खडकातलं बाकीचं धुऊन नेलं, लोखंड गंजून मागे राहिलं, त्यावर आम्ही घरं बांधली. चिरा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की टणक होतो. पत्र्याचं नेमकं उलटं. म्हणजे गंज अडवायला आम्ही गंजच फासत होतो, फक्त पुरता गंजलेला, ज्याला आणखी गंजायला काही उरलेलं नाही.

रंग झाल्यावर पेंटरने दाराच्या पोटात नळीने मेण फवारलं आणि मोडक्या छत्रीची एक काडी माझ्या हातात दिली. "काका, पावसात आठवड्याला भोकं टोचा. धुवायचं तर नळाच्या पाण्यानं."

चार आणे आता डॅशबोर्डवर आहेत. काडी आईच्या औषधांच्या डब्यात सापडते, कशी ते मला विचारू नका.

यंदा पहिला मोठा पाऊस पडून गेला, तेव्हा मी गाडीपाशी उकिडवा बसलो होतो. दाराच्या तळातून टिपटिप पाणी पडत होतं. आई पडवीतून ओरडली, "गळतेय का रे गाडी?"

"हो," म्हटलं, "गळतेय. छान गळतेय."