खामकाठची सहाशे पावलं

लेकीची शाळा आणि आमचं घर छत्रपती संभाजीनगरातल्या खाम नदीच्या एकाच काठावर. काठानं गेलं की सहाशे पावलं, रस्त्यानं दीड किलोमीटर, तेही ट्रक-रिक्षांच्या गर्दीतून. काठावर जुनी पायवाट होती, पण ती राडारोड्याखाली गाडली गेली होती. ती मोकळी करून घ्यायला मला चौदा महिने लागले.

२०२१ पासून शहरात खामच्या पुनरुज्जीवनाचं काम सुरू झालं. लोखंडी पुलाजवळचा पालटलेला काठ पाहून मला हुरूप आला. ज्या नदीवर पाणचक्की आहे, मकाई दरवाजा आहे, तिच्याकडे आपण घराची मागची बाजू करून बसलो, हे मला फार लागतं.

वाट मोकळी करा म्हणून महापालिकेला दिलेल्या पहिल्या अर्जाला तोंडी उत्तर मिळालं, "जागा वादातली आहे." मग १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात पूररेषेचा नकाशा मागितला. ३० दिवस गेले, उत्तर नाही. पहिलं अपील केलं, तेव्हा कुठे नकाशा हाती आला. त्यावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. बाग, मैदान अशी मोकळी जागा चालते. आमची अख्खी वाट निळीच्या आत. म्हणजे वाद कुणाचाही असो, तिथं इमारत होणार नव्हती आणि भरावही टाकता येत नव्हता.

नकाशा घेऊन मी काठावरच्या खालांकडे, म्हणजे मावशींकडे, गेले. त्यांनी तो पाहिलाही नाही. शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर कमरेइतक्या उंचीला मातकट पट्टा आहे, त्यावर तळवा ठेवून म्हणाल्या, "इत्ता आया था पानी, बेटा." निळी रेषा त्यांच्या गोठ्याच्या मागूनच गेली होती. पाहणीच्या दिवशी मी महापालिकेच्या साहेबांना आधी तो पट्टा दाखवला, नकाशा नंतर काढला.

पुढे वाद झाला तो पेव्हर ब्लॉकवरून. साहेबांना ब्लॉक हवे होते, मी मुरुमावर अडून बसले. पुरात ब्लॉक उखडून वाहून जातात, मुरूम वाहिला तर पुन्हा दोन ट्रॉल्या टाकता येतात. शिवाय पाणी खाली जिरतं. मुरूमच पडला. उतारावर आम्ही वाळा लावला, माती धरून ठेवतो म्हणून, आणि वर करंज, उंबर. उन्हाळाभर खालांच्या नातवंडांनी डब्यांनी पाणी घातलं.

आता सकाळी सात वाजता त्या वाटेवर सायकली असतात, कामाला निघालेल्या बाया असतात. फक्त मध्ये एक नाला आडवा येतो, तिथं लेक सायकल उचलून दगडांवरून नेते. तिथल्या साकवाचा, म्हणजे छोट्या पुलाचा, अर्ज सोमवारी दिलाय; आवक क्रमांक वहीत लिहून ठेवलाय.