लमजुंगच्या बालवर्गात शिकवायला जाणाऱ्यांसाठी

नेपाळमधील खेड्यातल्या शाळेत लहान मुलांना शिकवायचे आणि गावातल्याच एखाद्या कुटुंबात राहायचे, असा विचार करणाऱ्यांना सर्वांत आधी हे सांगते: मध्यस्थ संस्थेला डॉलरमध्ये शुल्क भरून जाऊ नका. माझ्याकडून आठवड्याला 200 डॉलर घेतले गेले आणि त्यातला बहुतांश भाग यजमान कुटुंबाला व शाळेला मिळतो, असे लेखी कळवण्यात आले होते. लमजुंग जिल्ह्यातील ज्या गुरुंग समाजाच्या घरात मी राहिले, तिथल्या आमांनी (आमा म्हणजे आई) चुलीपाशी भाजी निवडता निवडता सांगितले की त्यांना दिवसाला 600 नेपाळी रुपये मिळतात, आणि तेही पाहुणा परत गेल्यावर महिना-दीड महिन्याने. हिशेब केला तर हा भरलेल्या पैशांचा सहावा हिस्सासुद्धा होत नाही. त्या 600 रुपयांत दोन वेळचा दाल-भात, चहा, अंघोळीचे गरम पाणी आणि कतारला कामाला गेलेल्या त्यांच्या मुलाची खोली, एवढे सगळे येते. शाळेला काय मिळते, असे हेडसरांना विचारले, तेव्हा त्यांनी कपाट उघडून एक फुटबॉल आणि खडूंचे काही खोके दाखवले. मला अजूनही या गोष्टीचा संताप येतो.

भारतीय नागरिकाला अशा मध्यस्थाची गरजही नाही. आपल्याला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र सोबत हवे. एरवी सगळीकडे चालणारे आधार कार्ड तिथे 65 वर्षांपर्यंतच्या प्रौढ प्रवाशाला चालत नाही. परदेशी पासपोर्ट असलेल्या मराठी मंडळींची गोष्ट वेगळी आहे. पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा नियमात बसत नाही, आणि तरीही ‘विमानतळावर फक्त पर्यटक म्हणून सांगा’ असा सल्ला देणारी संस्था भेटली, तर तिच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा. मुले सांभाळण्यासाठी बालगृहात पाठवू म्हणणाऱ्यांनाही नकार द्यावा. नेपाळमध्ये आईवडील हयात असलेली मुले अनाथ म्हणून दाखवून परदेशी पाहुण्यांकडून पैसे गोळा केल्याची प्रकरणे वारंवार उघडकीला आलेली आहेत. गावातली सरकारी शाळा आणि गावातले घर एवढेच निवडावे, हेडसरांशी आधी फोनवर बोलावे आणि राहण्याचे पैसे आमा समूहातील, म्हणजे गावच्या महिला गटातील, बायकांच्या देखत थेट घरच्यांच्या हातात द्यावेत.

आता रस्त्याविषयी. काठमांडूच्या गोंगबू बसथांब्यावरून लमजुंगच्या मुख्य गावाला, बेसीसहरला, जाणारी मायक्रोबस ‘सहा तासांत पोहोचेल’ असे सांगितले जाते, त्यावर विश्वास ठेवू नये. नौबिसेपासून मुग्लिनपर्यंत रुंदीकरणाचे काम चालू होते, एका बाजूला खणलेला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली नदी, आणि मध्ये घोटाभर चिखलातून ट्रकची रांग. मी 2024 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्याच्या आदल्या महिन्यात, 12 जुलैला, नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन सुनौलीमार्गे येणाऱ्यांना हाच नारायणगढ-मुग्लिनचा टप्पा लागतो, तेव्हा त्या वाटेने पाऊस चुकतो असे कोणी समजू नये. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरच्या पुरात काठमांडूतून बाहेर पडणारे रस्ते तुटले आणि धादिंग जिल्ह्यात दरडीखाली सापडलेल्या बसमधील माणसे गेली. माझे मत ठाम आहे: पावसाळ्यात या रस्त्यावर रात्रीचा प्रवास अजिबात करू नये आणि दिवसाही हाताशी एक दिवस राखून ठेवावा.

बेसीसहरच्या पुढचा चढ मात्र मला जास्त महागात पडला. गावापर्यंत जीप ‘रिजर्भ’ करताना, म्हणजे एकटीसाठी पूर्ण ठरवताना, चालकाने सहा हजार सांगितले. अर्ध्या वाटेवर पहिरो, म्हणजे दरड, आडवा आला, जीप थांबली आणि त्याने पूर्ण सहा हजार मागितले, तेही ‘आयसी’, म्हणजे भारतीय रुपयांत. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी हा दर पक्का असल्यामुळे तोंडी ठरलेले सहा हजार क्षणात 9,600 झाले, आणि माझी सॅक तोवर जीपच्या टपावर होती. म्हणून तिथे कोणतीही रक्कम ठरवताना ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय की नेपाळी रुपये, हे आधी विचारावे, दरड लागली तर किती द्यायचे तेही ठरवावे, आणि सामान हातात आल्याशिवाय पैशांचे बोलू नये. खरे तर गावकऱ्यांबरोबर शेअर जीपमध्ये बसावे आणि शेजारचा देईल तेवढेच द्यावे. उरलेली वाट मी भर पावसात चालले. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्याला हा चढ अवघड नाही, पण जळवांसाठी मिठाची पुरचुंडी काठीला बांधून ठेवावीच.

शाळेविषयी संस्थेने सांगितले होते की पहिलीच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचे आहे. प्रत्यक्षात बालविकास वर्गाच्या शिक्षिका रजेवर होत्या आणि चार-पाच वर्षांची मुले माझ्या हवाली झाली. यातली बरीच घरी गुरुंग भाषा बोलतात, नेपाळीच त्यांना शाळेत नव्याने शिकावी लागते; माझी हिंदी मोठ्यांशी चालली, या मुलांशी नाही. मी उभी राहताच सगळ्यांनी एका सुरात ‘ए फॉर ॲपल’ म्हणायला सुरुवात केली आणि ‘डी’ला थांबली. येणारा प्रत्येक स्वयंसेवक ‘ए’पासून सुरू करतो आणि दोन आठवड्यांत निघून जातो, त्यामुळे त्यांची इंग्रजी बाराखडी तिथेच अडकलेली होती. आपल्या आवडीची गाणी घेऊन जाऊ नका. शिक्षिकेला फोन करून कोणता पाठ चालू आहे ते विचारा आणि तिथूनच पुढे शिकवा. मराठी माणसाचा फायदा असा की लिपी एकच आहे. पहिल्या दिवसापासून मला सरकारी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवता आले आणि माझे उच्चार सुधारण्यात मुलांना जो आनंद झाला, त्यातून ती माझ्याशी बोलू लागली. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की शिक्षकाचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोहोचत नाही. त्या वेळेसाठी चित्रे, मोजायला खडे आणि दोऱ्यात ओवायला मणी तयार ठेवावेत. चॉकलेटे वाटू नका. दुपारच्या खाजासाठी, म्हणजे शाळेतल्या खाण्यासाठी, सरकार मुलामागे दिवसाला 15 रुपये देत होते. द्यायचेच असेल तर हेडसरांना विचारून त्यात चण्याची भर घाला.

घरात फार काही सांगण्यासारखे नाही, माणसे मायाळू आहेत. जेवण सकाळी नऊ-साडेनऊला होते आणि शाळा दहाला भरते. उष्ट्या हाताने वाढायची भांडी धरू नयेत, आणि पोट भरायच्या आधीच ताटावर हात धरून ‘पुग्यो’, म्हणजे पुरे, म्हणावे, नाहीतर भात वाढतच राहतात.

महिन्याहून कमी वेळ असेल तर शिकवायला जाऊ नये, नुसते पाहुणे म्हणून राहावे. शनिवारी सुट्टी असते, वैशाखात नवे वर्ष सुरू होते आणि दसैं (दसरा) ते छठ या काळात शाळा बराच काळ बंद राहते. म्हणून मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, किंवा तिहार (दिवाळी) आणि छठ उरकल्यावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जावे, आणि तारीख नक्की करण्यापूर्वी त्या गावची थंडीची सुट्टी कधी लागते ते हेडसरांना विचारून घ्यावे.