सर्टिफिकेट रिन्यू झालं, पण डोव्हकॉटला सांगितलं कोणी?

दारव्ह्याकडच्या एका जिनिंगचा मेल सर्व्हर मी पाहतो. त्यावर पोस्टफिक्स अन् डोव्हकॉट हे दोन मेल प्रोग्राम, अन् सर्टिफिकेट (सर्व्हर खराच आहे हे दाखवणारी, मुदतीची डिजिटल ओळख) लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं. ऐन कापसाच्या सीझनमध्ये, सौदे, गाठींचे लॅब रिपोर्ट सगळं मेलवर चालू असताना मुनीमजींचा फोन, "भाऊ, मेल जाऊन रायले पण येऊनच नाही रायले, मोबाईल म्हणते सर्टिफिकेट एक्सपायर झालं."

जाऊन रायले अन् येत नाही, यातच अर्धं उत्तर आहे. पाठवायचं काम पोस्टफिक्सचं, 587 पोर्टवर, इनबॉक्स दाखवायचं डोव्हकॉटचं, 993 पोर्टवर, अन् सर्टिफिकेटची फाइल दोघांची एकच. मग एकाला चालते, दुसऱ्याला काहून नाही?

डिस्कवरची फाइल पाहिली तर नवीकोरी. ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट या तपासायच्या कमांडनं 993 ला जोडून तारीख काढली तर जुनी, संपलेली. (587 वर जोडणी आधी साधी असते, मग एन्क्रिप्ट होते, म्हणून ते तपासताना स्टार्टटीएलएस एसएमटीपी हा ऑप्शन द्याच, नाहीतर 'राँग व्हर्जन नंबर' येते अन् माणूस भलतीकडेच शोधत बसते.)

झालं असं की सर्टिफिकेट 90 दिवसांचं, ते आणणारा सर्टबॉट प्रोग्राम 30 दिवस उरले की रिन्यू करून टाकते, पण डोव्हकॉट सुरू होताना वाचलेलं सर्टिफिकेटच धरून बसते, रीलोड केल्याशिवाय, म्हणजे पुन्हा वाच म्हटल्याशिवाय, फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. पोस्टफिक्सच्या प्रोसेस थोड्या वेळानं आपोआप मरतात, नव्या येतात, त्या नवीन फाइल वाचतात, म्हणून तिकडे कोणाला पत्ताच लागला नाही. महिनाभर सगळं गोड, अन् जुनी तारीख उलटली की बोंब.

डोव्हअ‍ॅडम रीलोड ही कमांड मारली, काम झालं. पण दर खेपेला हे कोण करत बसणार, म्हणून लेट्सएन्क्रिप्टच्या फोल्डरात रिन्यूअल-हुक्स, त्यातल्या डिप्लॉय फोल्डरात (इथली स्क्रिप्ट, म्हणजे हुक, सर्टबॉट रिन्यू झाल्यावर आपोआप चालवते) दोन ओळींची स्क्रिप्ट टाकली, एक डोव्हकॉट रीलोड, एक पोस्टफिक्स रीलोड. एक्झिक्युटेबल करायला विसरू नका. अन् ड्राय रन (रिन्यूची नुसती तालीम) करून हुक तपासायला जाल तर फसाल, ड्राय रनमध्ये डिप्लॉय हुक आपसूक चालतच नाही, स्क्रिप्ट हातानंच चालवून पाहा.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आला. आधीच्या कोण्या पोरानं ऑफिसातल्या दोन मोबाईलवर 'सगळे सर्टिफिकेट स्वीकारा' वर टिक करून ठेवली होती, त्यायले एररच येत नव्हता. अरे बाप्पा, मग मधात कोणी खोटा सर्व्हर उभा केला तर पासवर्ड सरळ त्याच्या हातात! दोन्ही टिका काढल्या, पासवर्डही बदलले.