नरक्याचं पान खाणारा भुंगेरा

आंबोलीच्या पावसात पानं गोळा करायची म्हणजे माझ्यासारख्या केमिस्टचा जीव टांगणीला. ओलं पान पिशवीत कोंबलं की बुरशी चढते, आणि मग यंत्रात दिसतं ते झाडाचं की बुरशीचं, कोण सांगणार? म्हणून पान तोडलं की लगेच ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये. आमचे वनस्पतीवाले सर तर प्रत्येक झाडाला नंबर लावतात, कारण नरक्या या सह्याद्रीतल्या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं विषारी रसायन झाडागणिक कमीजास्त असतं.

टोपोटेकन, इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं याच रसायनावरून बनली. 1966 मध्ये मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. 1972 मध्ये ते नरक्यात सापडलं आणि पुढे सह्याद्रीतल्या नरक्यावर कुऱ्हाड चालली.

त्या दिवशी कीटकवाल्या मॅडमनी नरक्याची पानं कुरतडणारे भुंगेरे आणले. डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम अडवणारं हे विष, आणि हा किडा ते पोटभर खातो! मी भुंगेऱ्यांतलं रसायन काढायला मिथेनॉलची बाटली उघडली, तर मॅडम म्हणाल्या, "सर, थांबा. आत्ता टाकलात तर पोटातलं पान मोजाल. कालपासून उपाशी ठेवलेले माझ्याकडे आहेत, विष्ठा थांबलेले. ते घ्या."

रात्री खोलीत अंधार करून टीएलसी प्लेट (मिश्रणातली रसायनं वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांसारखी वेगळी करणारी पट्टी) 366 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली. शुद्ध नमुना निळा, पान निळं, विष्ठा निळी. आणि उपाशी भुंगेऱ्याच्या रांगेत, त्याच उंचीवर, फिकट पण निळाच ठिपका! निळा ठिपका म्हणजे पुरावा नव्हे, कुमारिन नावाची वनस्पतींतली कितीतरी रसायनं अशीच चमकतात. एलसी-एमएसवर, म्हणजे रेणूंचं वजन दाखवणाऱ्या यंत्रावर, कॅम्प्टोथेसिनचा 349 हा आकडा दिसेपर्यंत मी सही करणार नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही.

अशा भुंगेऱ्यांच्या अंगात हे विष साठतं, हे 2011 मध्ये भारतीय संशोधकांनीच छापलंय. मॅडमचा प्रश्न त्यापुढचा आहे: ते शत्रूपासून वाचायला साठवतात, की बाहेर टाकता येत नाही म्हणून साचतं? माझं यंत्र हे सांगू शकत नाही. अनुदानाच्या अर्जात मात्र 'मुख्य विषय' एकच लिहायचा असतो. हा प्रश्न रसायनाचा की प्राण्यांचा, हे ठरवायची घाई कशाला?

आता मॅडम मुंग्यांपुढे भुंगेरे ठेवणार आहेत. मी प्रत्येक भुंगेऱ्यातलं विष वेगळं मोजून देणार. दहा एकत्र वाटून सरासरी काढायची आमची सवय इथे चालणार नाही.