नायट्रॉक्स अ‍ॅनालायझर, नोंद चौथी: सेन्सरला उगाच शिव्या घातल्या

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्या घरी बनवलेल्या अ‍ॅनालायझरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती टक्के ते सांगणाऱ्या डबीचा, सेन्सर गेला. शब्द मागे घेतो. सेन्सर ठणठणीत आहे, गडबड माझ्याच कॅलिब्रेशनमध्ये होती.

लक्षण आठवत असेल. ३२ टक्के नायट्रॉक्सचा (डायव्हिंगसाठी ऑक्सिजन वाढवलेल्या हवेचा) सिलिंडर, दुसऱ्या दोन अ‍ॅनालायझरवर ३२.० आणि ३१.९. माझ्या डबीवर मात्र ३३.१, कधी ३२.७, कधी ३३.५. ३२च्या खाली एकदाही नाही. नुसता आकडा नाचत असता तर वर-खाली दोन्हीकडे नाचला असता. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आधी नाचणं बंद केलं. आपला गॅल्व्हॅनिक सेन्सर म्हणजे ऑक्सिजनवर चालणारी इवलीशी बॅटरीच. हवेत माझा सेन्सर जेमतेम १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एक टक्का ऑक्सिजनला साधारण अर्धा मिलिव्होल्ट. हे मोजायला मी एडीएस१११५ (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप) लावलाय. सोळा बिटांचा आहे म्हणून निर्धास्त होतो. पण त्याच्या कोड लायब्ररीतली गेनची (सिग्नल किती पट वाढवून मोजायचा त्याची) सेटिंग मी बदललीच नव्हती. मूळ सेटिंगला त्याचा पल्ला ±६.१४४ व्होल्ट असतो आणि एक पायरी ०.१८७५ मिलिव्होल्टची पडते. ऑक्सिजनच्या भाषेत जवळजवळ ०.४ टक्के! किराण्याच्या तराजूवर सोनं तोलत होतो. वर वीस रीडिंगची सरासरी घेऊन ते स्क्रीनवर दाखवत होतो, त्यामुळे आकडा दिसायला तरी शहाण्यासारखा.

गेन १६ केला. पल्ला ±०.२५६ व्होल्ट, पायरी ०.००७८ मिलिव्होल्ट. नाचणं जागच्या जागी थांबलं.

मग हळूहळू सरकणं उरलं होतं, दहा मिनिटांत ०.२ टक्के. ते लवकर सापडलं: नऊ व्होल्टचे पाच करणारा रेग्युलेटर सेन्सरला खेटून बसवला होता आणि त्याला एका बाजूने शेकत होता. सेन्सरमध्ये तापमानाची भरपाई करणारा थर्मिस्टर असतो खरा, पण सेन्सरची एकच बाजू तापली तर तो तरी काय करणार. बोर्ड डबीच्या दुसऱ्या टोकाला हलवला. जाता जाता कनेक्टरच्या पिनाही घासल्या, त्यांच्यावर हिरवट थर चढला होता. खाऱ्या हवेत वापरत असाल तर आधी तिथे बघा.

एवढं करूनही ३३.१. आता मात्र अगदी ठाम ३३.१.

इथे मी सेन्सर बदलायला निघालो होतो. सहज म्हणून साध्या हवेचा सिलिंडर जोडला, तर स्क्रीनवर २१.६. त्याच क्षणी खोलीतल्या हवेवर २०.९, कारण कॅलिब्रेशन त्याच हवेवर केलेलं. दोन्ही हवाच ना? मिलिव्होल्ट पाहिले: खोलीत १०.०५, सिलिंडरवर १०.४०.

फरक बाष्पाचा. सेन्सर टक्के मोजत नाही, ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, मोजतो. खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता होती. अशा हवेत पाण्याच्या वाफेचा दाब ३४ मिलिबारच्या आसपास असतो. एकूण १०१३मधले हे ३४ वाफेने बळकावले की बाकीच्या वायूंना तेवढी जागा कमी, आणि ऑक्सिजन २०.९ न राहता २०.२वर येतो. मी त्या २०.२ला २०.९ म्हणायला मशीनला शिकवत होतो. कॉम्प्रेसरमधून भरलेला वायू मात्र कोरडा ठणठणीत असतो. १०.४०ला १०.०५ने भागा, ३२ने गुणा: ३३.१. कागदावर हा आकडा आला तेव्हा मी खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो.

आणि हे आधी का दिसलं नाही? ०.३५ मिलिव्होल्टचा फरक जुन्या गेनवर दोन पायऱ्याही भरत नव्हता.

आता कॅलिब्रेशन सिलिंडरच्या कोरड्या हवेवरच. त्यानंतर उघड्या हवेत स्क्रीन २०.२ दाखवते. पाहून पोटात गोळा येतो, पण ते बरोबर आहे. तिथे पुन्हा बटण दाबायचा मोह आवरायचा.

कुणी म्हणेल, जास्तच दाखवतोय ना, मग सुरक्षितच की. अर्धं खरं आहे. ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या १.४ बारच्या मर्यादेने (त्यापुढे तो विषारी ठरू शकतो) ३२ला खोली ३३.७ मीटर येते, ३३.१ला ३२.३. ऑक्सिजनच्या बाजूने आपण सावध राहतो. पण डाइव्ह कॉम्प्युटरला ३३ सांगितलं की तो नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा कमी धरतो, आणि डिकम्प्रेशनचा (अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून सावकाश वर येण्याचा) हिशेब सैल होतो.

उलट्या दिशेची चूक जास्त वाईट, आणि ती प्रवाहातून येते. व्हॉल्व्ह जोरात उघडला की टी-पीसमध्ये (सेन्सर बसवलेल्या टी-आकाराच्या जोडनळीत) दाब साचतो. माझ्याकडे ३२.०चे ३२.६ झाले. कॅलिब्रेशन असं जोरात केलं आणि मोजताना प्रवाह हळू ठेवला, तर ३२ला ३१.४ दिसेल आणि आपण खुशाल हवं त्याहून खोल जाऊ. मिनिटाला एक-दोन लिटर, दोन्ही वेळा सारखाच. मी नळीत फ्लो रिस्ट्रिक्टरच बसवून टाकला, हाताच्या अंदाजावर भरवसा नको. जुनं कॅलिब्रेशन मेमरीत जपून ठेवणंही काढून टाकलं. हवेचा दाब आणि उंची बदलली की ते शिळं होतं.

शेवटी शुद्ध ऑक्सिजनवर तपासलं. १०.४०च्या हिशेबाने ४९.८ मिलिव्होल्ट यायला हवे होते, ४९.१ आले, स्क्रीनवर ९८.७. थकलेला सेन्सर वरच्या टोकाला बराच आधी मान टाकतो, तसं काही दिसलं नाही. त्याच्यावर आजची तारीख आणि १०.४० असं मार्करने लिहून ठेवलंय. टी-पीसचा ओ-रिंग अजून थोडा गळतोय, पुढच्या वेळी तो.