हळदीच्या दुसऱ्या दिवशी सुटलेलं नेलपॉलिश

वैशाखातली लग्नसराई. परभणीतल्या पार्लरचं शटर उघडलं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि दारात नवरी आईसोबत उभी होती. लग्न दुपारचं.

"कामून निघालं ओ ताई? परवाच तर लावलं होतं तुमी."

लावलेलं माझ्याच हातचं होतं. अंगठा आणि तर्जनीवरचा थर अख्खा पापुद्र्यासारखा सुटला होता. बाकीच्या नखांची टोकं झडली होती आणि फिका गुलाबी रंग हळदीनं पिवळा पडला होता. नेलपॉलिश कसं निघालं, यावरून चूक कुठं झाली ते कळतं. पूर्ण साल निघाली तर नखावर पाणी किंवा तेल राहिलेलं असतं. टोक झडलं तर कड बंद केलेली नसते. या हातांवर दोन्ही चुका दिसत होत्या.

परवा आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवले, मग तेलानं मालिश, टॉवेलनं पुसलं आणि लगेच रंग. नख पाणी शोषतं आणि किंचित पसरतं. पुढं तासाभरात ते सुकून आकसतं, पण वरचा थर त्याच्यासोबत आकसत नाही, म्हणून पकड सुटते. त्यात हळदीतलं तेल आणि नंतर डाळीचं पीठ लावून केलेली घासाघीस.

आता पाण्याला हातच लावायचा नव्हता. रिमूव्हरचा कापूस प्रत्येक नखावर दहा सेकंद दाबून धरला आणि मुळाकडून टोकाकडं ओढला. ॲसिटोनमध्ये हळदीचा रंगही विरघळतो, त्यामुळं डाग बराच गेला. उरलेल्यावर लिंबू चोळू का, असं आईनं विचारलं. नको म्हटलं, कारण लिंबाचा रस म्हणजे नखात पुन्हा ओलावा. त्यापेक्षा गडद मरून रंग घेतला.

मुळाशी नखाला चिकटलेली पातळ, पारदर्शक कातडी लाकडी काडीनं कोरडीच मागं सारून खरवडली. ही राहिली की रंग नखाला नाही, कातडीला चिकटतो आणि तिथूनच उचकटतो. बारीक फाइल कडेकडून मध्याकडं, एकाच दिशेनं. पुढं-मागं घासलं तर टोकाचे पदर सुटतात. बफर, म्हणजे नख घासायचा मऊ ठोकळा, फक्त चकाकी जाईल इतकाच फिरवला. शेवटी पुन्हा रिमूव्हरनं पुसलं आणि त्यानंतर नखाला बोट लावू दिलं नाही.

कूलर बंद केला, याची तिच्या आईला फार तक्रार होती. पण कूलरच्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, आणि जोराच्या वाऱ्यानं वरची साय आधी धरते, आतला थर ओला राहून बुडबुडे येतात. पंखा सावकाश ठेवला. उन्हाळ्यात बाटलीतला रंग दाट झाला होता, त्यात थिनरचे तीन थेंब टाकून बाटली तळव्यांमध्ये फिरवली. हलवली की हवा आत जाते. रिमूव्हर ओतून पातळ करणाऱ्यांचा रंग हमखास बिघडतो.

हिरवा चुडा भरलेला, म्हणून हात उशीवर टेकवून घेतले. बेस कोट, म्हणजे रंगाखालचा पारदर्शक थर, पातळ लावला, दोन मिनिटं थांबले. मग रंग: मधे एक फटकारा, बाजूला एकेक, मुळाशी केसभर जागा सोडून. प्रत्येक थरात ब्रश टोकाच्या जाडीवरूनही फिरवला. कड बंद करणं म्हणजे एवढंच, आणि परवा घाईत तेच राहिलं होतं. तीन मिनिटांनी दुसरा थर, पाच मिनिटांनी टॉप कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. दोन पातळ थर टिकतात, एक जाड थर आतून सुकतच नाही.

वीस मिनिटांत हाताला कोरडं लागतं, तरी आतून कित्येक तास मऊच असतं. म्हणून साडीच्या पिना दुसऱ्या कुणी लावायच्या, गरम पाणी त्या दिवशी नाही, असं आईला बजावलं. टॉप कोटची बाटली सोबत दिली: तिसऱ्या दिवशी एक पातळ थर, टोकासकट. भांडी घासायची वेळ आली तर रबरी हातमोजे.

तेव्हापासून पार्लरच्या वहीत नवरीची मालिश हळदीच्या आदल्या दिवशी आणि रंग हळद उतरल्यावर लिहिला जातो.

ही नवरी मांडव परतणीला माहेरी आली तेव्हा आठवा दिवस होता. नऊ नखं अखंड, उजव्या अंगठ्याचं टोक तेवढं झडलेलं. मुळाशी जेमतेम मिलिमीटरभर नवं नख दिसत होतं.